नामदार गोखले : सरकारला त्याच्याच आकड्यांनी जाब विचारणारा शिक्षक

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ सालचा. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने सरकारी खर्चाच्या तपासणीविषयी एक महत्त्वाचा कायदा संमत केला. प्रत्येक खात्याने आपला वर्षाचा हिशेब तयार करावा, स्वतंत्र अधिकाऱ्याने तो तपासावा आणि त्याचा अहवाल लोकप्रतिनिधींपुढे यावा, अशी व्यवस्था या कायद्याने लावून दिली. त्यापूर्वी पाच वर्षे, १८६१ मध्ये, ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना कॉमन्स सभागृहाची लोकलेखा समिती स्थापन झाली होती. सरकारने खर्च केलेल्या प्रत्येक पौंडाचा जाब देणे हा ब्रिटनच्या सार्वजनिक जीवनाचा दंडक त्या काळात असा आकार घेत होता.

हिंदुस्थानच्या तिजोरीला मात्र हा दंडक लागू नव्हता. येथील महसूल येथील रयत भरीत असे, तो खर्च करण्याचा अधिकार लंडनमधील भारतमंत्री आणि कलकत्त्यातील व्हाइसरॉय यांच्याकडे होता आणि त्या दोघांना प्रत्यक्षात अडवून प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. ब्रिटनमध्ये जी मोजपट्टी राज्यकर्त्यांना लावली जाते तीच हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्याला लावावी, हा आग्रह गोखले यांनी आयुष्यभर धरला. त्यासाठी त्यांनी निवडलेले साधन साधे होते : सरकारने स्वतः छापलेले आकडे.

कोतळूक ते फर्ग्युसन

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव हे कोल्हापूर संस्थानातील कागल येथे नोकरीस होते. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा गोपाळराव अवघे तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. बंधूंच्या या त्यागाची जाणीव गोपाळरावांना कायम राहिली. विद्यार्थिदशेत एकेका पैचा हिशेब ठेवण्याची त्यांना जी सवय लागली, ती पुढे सार्वजनिक पैशाच्या बाबतीतही त्यांच्या कामी आली.

कोल्हापूर, पुणे आणि मुंबई येथे महाविद्यालयीन शिक्षण घेऊन ते १८८४ मध्ये बी. ए. झाले. सरकारी नोकरीचा मार्ग खुला असताना त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये अल्प वेतनावर शिक्षकाचे काम स्वीकारले आणि लवकरच ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय शिकविले. शाळेसाठी त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पाठ्यपुस्तक अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या हाती होते. आगरकरांच्या सुधारक पत्राच्या इंग्रजी भागाची जबाबदारीही त्यांनी काही काळ सांभाळली.

याच सुमारास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा संबंध आला आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचे त्रैमासिक त्या वेळी निघत असे. सरकारी अहवाल वाचणे, त्यातील विसंगती शोधणे आणि संयमित भाषेत अर्ज तयार करणे हे सभेचे प्रमुख काम होते. गोखले या त्रैमासिकाचे संपादक आणि पुढे सभेचे चिटणीस झाले. रानडे यांची शिस्त कडक होती. मसुद्यातील प्रत्येक विधानामागे आधार हवा आणि प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहिलेला हवा, असा त्यांचा दंडक असे. सरकारी दप्तर काळजीपूर्वक वाचणे हेच त्या पिढीचे पहिले राजकीय शिक्षण होते.

रानडे यांच्याइतकेच ऋण गोखले यांच्यावर गणेश व्यंकटेश जोशी यांचे होते. सरकारी शाळेतील मुख्याध्यापक असलेले जोशी हिंदुस्थानच्या अर्थकारणाचे असाधारण जाणकार होते. सरकारी नोकरीमुळे त्यांना उघड राजकारणात उतरता येत नसे. महसूल, लष्करी खर्च, रेल्वे आणि सारा यांविषयीचे त्यांचे विवेचन पत्रांतून आणि टिपणांतून गोखले यांच्यापर्यंत पोहोचत असे. गोखले यांच्या गाजलेल्या भाषणांमागे या अबोल शिक्षकाचे श्रम होते.

लंडनमधील साक्ष

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने १८९५ मध्ये लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमला. कॉमन्स सभागृहात निवडून गेलेले पहिले हिंदी लोकप्रतिनिधी दादाभाई नौरोजी हे या आयोगाचे सभासद होते. सर विल्यम वेडरबर्न आणि डब्ल्यू. एस. केन हे हिंदुस्थानविषयी आस्था असलेले सभासदही त्यात होते. डेक्कन सभेच्या वतीने साक्ष देण्यासाठी गोखले यांची निवड झाली. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रह्मण्य अय्यर हे अन्य साक्षीदार वयाने आणि अनुभवाने त्यांच्याहून मोठे होते. गोखले यांची ती पहिलीच परदेशवारी होती आणि त्यांना तिसावे वर्ष पूर्ण होऊन एक वर्षही झाले नव्हते.

एप्रिल १८९७ मध्ये झालेल्या त्यांच्या साक्षीचे आणि उलटतपासणीचे तीन भाग पडतात. खर्चावर नियंत्रण कोणाचे, खर्च का वाढत गेला आणि ब्रिटन व हिंदुस्थान यांच्यात त्याची वाटणी न्याय्य आहे काय, असे हे तीन प्रश्न होते. त्यांतील पहिल्या प्रश्नाला त्यांनी सर्वांत अधिक महत्त्व दिले.

त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात दर वीस वर्षांनी सनदेच्या नूतनीकरणाचा प्रसंग येत असे. त्या निमित्ताने पार्लमेंटमध्ये कंपनीच्या कारभाराची सविस्तर चौकशी होई. १८५८ मध्ये राज्य थेट राणीच्या हाती गेले आणि ही नियतकालिक चौकशीही थांबली. भारतमंत्र्याचे वेतन हिंदुस्थानच्या महसुलातून दिले जात असल्याने ते मंजूर करण्याच्या निमित्ताने त्याच्या कारभारावर चर्चा करण्याची संधी कॉमन्स सभागृहाला मिळत नसे. इतर मंत्र्यांना दरवर्षी ज्या परीक्षेला सामोरे जावे लागे, तिच्यातून हा एक मंत्री सुटलेला होता. हिंदुस्थानचे अंदाजपत्रक पार्लमेंटच्या अधिवेशनाच्या अखेरीस, जवळजवळ रिकाम्या बाकांपुढे मांडले जाण्याची प्रथा पडली होती.

नियंत्रण नसल्याचे परिणाम खर्चात दिसत होते. ब्रिटनच्या साम्राज्यविषयक गरजांसाठी सरहद्दीपलीकडे झालेल्या मोहिमांचा भार हिंदुस्थानवर पडला होता. १८६७ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाच्या सन्मानार्थ लंडनमध्ये झालेल्या समारंभाचा खर्चही हिंदुस्थानच्या खात्यावर टाकण्यात आला होता. गोखले यांनी आयोगापुढे मांडलेली मागणी क्रांतिकारक शब्दांत नव्हती. हिंदुस्थानातील कायदेमंडळात लोकांनी निवडलेले सभासद असावेत, अंदाजपत्रक बाबवार मंडळापुढे यावे आणि मतभेदाचा निर्णय पार्लमेंटच्या समितीने करावा, असे तिचे सार होते. तिचा गाभा मात्र निःसंदिग्ध होता : जो कर भरतो, त्याला हिशेब मागता आला पाहिजे.

आयोगाचा अहवाल १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. बहुमताने ब्रिटनच्या तिजोरीवर थोडा अधिक भार टाकण्याची शिफारस केली. दादाभाई, वेडरबर्न आणि केन यांना ती अपुरी वाटली आणि त्यांनी आपले मत स्वतंत्रपणे नोंदविले. साक्षीमुळे गोखले यांची अभ्यासू म्हणून कीर्ती झाली, परंतु ती कीर्ती काही आठवड्यांतच पणाला लागली.

पुराव्याअभावी ओढवलेले संकट

गोखले इंग्लंडमध्ये असताना पुण्यात प्लेगने कहर केला होता. रोग आटोक्यात आणण्यासाठी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली होती आणि घराघरांच्या तपासणीसाठी गोऱ्या शिपायांचा वापर होत होता. घरात शिरणे, सामानाची नासधूस आणि स्त्रियांची विटंबना यांविषयीच्या तक्रारी पुण्याहून येणाऱ्या पत्रांतून गोखले यांना कळत होत्या. एका पत्रात शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आणि त्यांपैकी एकीने आत्महत्या केल्याचा उल्लेख होता. पत्र लिहिणाऱ्यांवर विश्वास ठेवून गोखले यांनी ही हकीकत मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्रातून ब्रिटिश जनतेपुढे मांडली.

त्यापूर्वी २२ जून १८९७ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, पुण्यात रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या होत्या. वातावरण अत्यंत तापलेले होते. आरोपाचे पडसाद पार्लमेंटमध्ये उमटले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तो सर्वस्वी खोटा असल्याचे कळविले आणि गोखले यांच्याकडे पुराव्याची मागणी झाली.

मायदेशी परतल्यावर गोखले यांनी माहिती देणाऱ्यांकडे चौकशी केली. उघडपणे पुढे येऊन सांगण्यास कोणी तयार नव्हते. अशा प्रकरणात पीडितेच्या कुटुंबाने समाजापुढे येणे त्या काळात जवळजवळ अशक्य होते आणि रँड यांच्या हत्येनंतर पुण्यात सर्वत्र धाक पसरला होता. गोखले यांच्यापुढे दोनच मार्ग होते. माहिती देणाऱ्यांची नावे सरकारच्या हाती द्यावीत, किंवा आरोप मागे घ्यावा. त्यांनी नावे दिली नाहीत. गव्हर्नर आणि लष्करी शिपाई यांची त्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि ती वृत्तपत्रांत प्रसिद्ध केली.

या माफीने त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. सरकारपुढे शरणागती पत्करल्याचा आरोप स्वकीयांनी केला. त्याच वर्षी केसरीतील लेखनावरून लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती. त्यामुळे लोकांच्या मनात या दोघांची तुलना होणे अटळ होते. इंग्लंडमधील हितचिंतकही नाराज झाले. गोखले यांनी प्रत्युत्तर देण्याचे टाळले आणि प्लेगग्रस्तांच्या सेवेत स्वयंसेवक म्हणून स्वतःला झोकून दिले.

सरकारला जाब विचारणाऱ्याची खरी अडचण या प्रसंगात दिसते. सत्तेजवळ पोलीस असतात, दप्तर असते आणि नाकारण्याचा अधिकार असतो. अन्याय झालेल्याजवळ अनेकदा केवळ ऐकीव माहिती असते आणि साक्षीदार भयाने गप्प बसतात. सिद्ध न झालेला आरोप सत्तेला दुबळा करण्याऐवजी बळकट करतो. १८९७ नंतर गोखले यांनी सार्वजनिक जीवनात जो मार्ग धरला त्यावर या अनुभवाची खूण होती. त्यानंतर ते सरकारवर टीका करीत, ती बहुतेक वेळा सरकारच्याच कागदांवर उभी असे आणि ती नाकारणे सरकारला सोपे जात नसे.

शिलकीची चिरफाड

१८९९ मध्ये गोखले मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. १९०१ मध्ये शेतजमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध घालणारे विधेयक सरकारने विरोध डावलून पुढे रेटले, तेव्हा फिरोजशहा मेहता यांच्यासह त्यांनी सभात्याग केला. पुढे मेहता यांच्या जागी ते कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. लॉर्ड कर्झन त्या वेळी व्हाइसरॉय होते.

या मंडळाचे अधिकार फार थोडे होते. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, परंतु त्यावर मत देता येत नसे. प्रश्न विचारता येई, परंतु उत्तर अपुरे असल्यास उपप्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. सरकारी सभासदांचे बहुमत कायम होते. बहुतेक बिनसरकारी सभासद अर्थखात्याचे अभिनंदन करून खाली बसत.

२६ मार्च १९०२ रोजी गोखले यांनी या मंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांनी सात कोटी रुपयांची शिल्लक दाखविली होती आणि देशाच्या भरभराटीचे लक्षण म्हणून तिचे कौतुक होत होते. गोखले यांनी अभिनंदनात सहभागी होण्यास नकार दिला. या शिलकीचा उगम त्यांनी उलगडून दाखविला. १८९० च्या दशकाच्या मध्यास रुपयाचा भाव सुमारे तेरा पेन्सांपर्यंत घसरला होता. इंग्लंडला पाठवाव्या लागणाऱ्या पौंडांसाठी अधिक रुपये लागत आणि ती तूट भरून काढण्यासाठी कर वाढविण्यात आले होते. टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्यानंतर रुपया सोळा पेन्सांवर स्थिर झाला. सरकारची तूट संपली, वाढविलेले कर मात्र तसेच राहिले. ही शिल्लक म्हणजे रयतेकडून गरजेपेक्षा अधिक वसूल केलेली रक्कम होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुष्काळाने पोळलेल्या लोकांकडून ती वसूल झाली होती, ही बाब त्यांना विशेष गंभीर वाटत होती.

या युक्तिवादाचा अर्थ मध्य प्रांतातील शेतकऱ्याला सर्वांत चांगला कळला असता. आज भिलाईच्या पोलाद कारखान्यामुळे ओळखला जाणारा दुर्गचा परिसर तेव्हा मध्य प्रांताच्या रायपूर जिल्ह्यात मोडत असे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांचा मध्य प्रांताला जबर तडाखा बसला होता. दुर्गजवळच्या रसमडा गावावरून जाणारा, राजनांदगाव आणि रायपूर यांना जोडणारा लोहमार्ग १८८८ च्या सुमारास तयार झाला होता. धान्य वाहून नेणारी रेल्वे आली, परंतु भाताच्या खाचरांना पाणी देणारा कालवा आला नाही. या भागाला पाणी देणारे तांदुला धरण १९२१ मध्ये पूर्ण झाले. सरकार रेल्वेवर सढळ हाताने आणि पाटबंधाऱ्यांवर हात आखडून खर्च करते, ही गोखले यांची तक्रार होती आणि छत्तीसगडचा भातशेतीचा मुलूख त्या तक्रारीचे जिवंत उदाहरण होता.

भाषणाचा परिणाम लगोलग दिसला नाही. परंतु पुढील वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकरातून सूट मिळण्याची मर्यादा वार्षिक पाचशे रुपयांवरून एक हजार रुपयांवर गेली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. या सवलतींचे श्रेय एकट्या गोखले यांना देता येणार नाही. काँग्रेस आणि वृत्तपत्रे वर्षानुवर्षे हीच मागणी करीत होती. मात्र मतदानाचा अधिकार नसलेल्या सभासदाच्या युक्तिवादाला अर्थखात्याला दरवर्षी उत्तर द्यावे लागू लागले, हा बदल त्यांनी घडवून आणला होता.

सरकारी गुपितांविषयीचा कायदा अधिक कडक करणारे विधेयक कर्झन यांच्या सरकारने १९०३ मध्ये आणले. लष्करी माहितीपुरती असलेली बंधने मुलकी कारभाराला लागू करण्याचा त्यात प्रयत्न होता. गोखले यांनी त्याला कडाडून विरोध केला. ज्या देशात लोकप्रतिनिधींना पुरेसे अधिकार नाहीत तेथे वृत्तपत्रे हाच कारभारावर नजर ठेवण्याचा एक मार्ग उरतो आणि तोही बंद झाल्यास कारभार बेजबाबदार होतो, अशी त्यांची भूमिका होती. १९०४ मध्ये काही बदलांसह हे विधेयक संमत झाले.

सभागृहाबाहेरची तयारी

१२ जून १९०५ रोजी गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. सार्वजनिक कार्य हा फावल्या वेळचा उद्योग न राहता पूर्ण वेळेचे व्रत व्हावे आणि त्यासाठी कार्यकर्त्यांनी अनेक वर्षे अभ्यास करावा, ही कल्पना त्यामागे होती. समाजाचे काम नागपुरातही उभे राहिले आणि १९११ मध्ये तेथून हितवाद हे पत्र सुरू झाले. मध्य प्रांताला स्वतःचे कायदेमंडळ तेव्हा नव्हते. त्या मंडळाची पहिली बैठक १९१४ मध्ये भरली. तोपर्यंत नागपूर, रायपूर किंवा १९०६ मध्ये स्वतंत्र जिल्हा झालेल्या दुर्ग येथील लोकांना आपल्या प्रांताच्या कारभाराविषयी प्रश्न विचारण्यासाठी वृत्तपत्राखेरीज फारसे व्यासपीठ नव्हते.

१९०५ मध्ये लाला लजपतराय यांच्याबरोबर आणि पुढे अनेक वेळा गोखले इंग्लंडला गेले. सभा, खाजगी भेटी आणि पार्लमेंटच्या सभासदांशी चर्चा यांतून त्यांनी हिंदुस्थानचा प्रश्न ब्रिटिश मतदारांपर्यंत नेण्याचा प्रयत्न केला. १९०५ च्या बनारस काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. भारतमंत्री जॉन मोर्ले यांच्याशी त्यांच्या वारंवार भेटी झाल्या. १९०९ च्या सुधारणांनी सभासदांना ठराव मांडण्याचा आणि उपप्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. त्याच वेळी मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले आणि केंद्रात सरकारी बहुमत टिकून राहिले.

या मार्गाच्या मर्यादा त्यांच्या समकालीनांनी स्पष्टपणे दाखवून दिल्या होत्या. परकी सत्तेकडे न्याय मागून मिळत नाही, त्यासाठी लोकांचे बळ उभे करावे लागते, असे टिळकांचे मत होते. १९०७ मध्ये सुरत येथे काँग्रेस दुभंगली. १९१० च्या वृत्तपत्रविषयक कायद्याला गोखले यांनी नाइलाजाने का होईना, पाठिंबा दिला, हेही त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. सरकारी गुपितांच्या कायद्याला विरोध करणाऱ्या नेत्याचा हा निर्णय अनेकांना खटकला.

हरलेली मतदाने

नव्या अधिकाराचा गोखले यांनी लगेच उपयोग केला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी नाताळमध्ये गिरमिटिया मजूर पाठविणे बंद करण्याचा ठराव त्यांनी मांडला. सरकारने तो स्वीकारला आणि १९११ मध्ये नाताळसाठी होणारी मजूरभरती थांबली. मार्च १९१२ मध्ये गिरमिटाची पद्धतच नष्ट करण्याचा ठराव त्यांनी मांडला, तेव्हा बाजूने २२ आणि विरोधात ३३ मते पडली. पुढे पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, सरकारलाच ती भरती थांबवावी लागली.

१९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा स्थानिक संस्थांना देणारे विधेयक मांडले. इंग्लंडमध्ये १८७० पासून शिक्षणाचा जो विस्तार झाला तो हिंदुस्थानात का होऊ नये, हा त्यांचा प्रश्न होता. १९ मार्च १९१२ रोजी ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. काही जमीनदारांनीही सरकारची बाजू घेतली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा देशव्यापी कायदा होण्यास २००९ साल उजाडावे लागले.

१९१२ मध्येच ते दक्षिण आफ्रिकेला गेले. गांधीजी प्रवासात त्यांच्याबरोबर होते. गिरमिटातून मुक्त झालेल्या हिंदी मजुरांवर लादलेला तीन पौंडांचा कर रद्द होईल, अशी समजूत तेथील मंत्र्यांच्या भेटीनंतर त्यांची झाली होती. पुढे तेथील सरकारने असे वचन दिल्याचे नाकारले. १९१३ मध्ये मजुरांनी संप केला, गोखले यांनी हिंदुस्थानात निधी उभारला आणि १९१४ मध्ये तो कर रद्द झाला. तोंडी आश्वासनावर भिस्त ठेवण्यातील धोका पुन्हा एकदा दिसला होता.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्या वाट्याला एक वेगळी भूमिका आली. सरकारी नोकऱ्यांविषयी नेमलेल्या लॉर्ड इस्लिंग्टन यांच्या शाही आयोगाचे ते सभासद झाले. वेल्बी आयोगापुढे साक्षीदाराच्या खुर्चीत बसलेला तरुण प्राध्यापक आता आयोगाच्या मेजाच्या दुसऱ्या बाजूला बसून उच्चपदस्थ अधिकाऱ्यांना प्रश्न विचारीत होता. मधुमेह आणि हृदयविकार यांनी प्रकृती ढासळली असतानाही त्यांनी हे काम सोडले नाही. १९१४ मध्ये देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला. आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ते हयात नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. आयुष्यभर मतभेद राहिलेल्या टिळकांनी स्मशानभूमीत त्यांना आदरांजली वाहिली.

नंतरचा हिशेब

वेल्बी आयोगाच्या काळात चर्चिल्या गेलेल्या अनेक मागण्या पुढे एकेक करून मान्य झाल्या. १९१९ च्या कायद्याने भारतमंत्र्याचे वेतन ब्रिटनच्या तिजोरीकडे गेले आणि त्यावर पार्लमेंटमध्ये चर्चा होऊ लागली. १९२१ मध्ये केंद्रीय कायदेमंडळाची लोकलेखा समिती स्थापन झाली आणि स्वतंत्र भारताच्या संसदेने ती परंपरा पुढे चालविली. भारत सेवक समाजाच्या वास्तूत १९३० मध्ये गोखले यांच्या नावाने अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांची संशोधनसंस्था सुरू झाली.

गोखले यांनी ज्याविरुद्ध भाषण केले तो सरकारी गुपितांचा कायदा १९२३ च्या रूपात आजही अस्तित्वात आहे. मात्र १२ ऑक्टोबर २००५ पासून त्याच्या जोडीला माहितीचा अधिकार कायदा आला आहे. रसमडासारख्या गावातील कोणताही रहिवासी अल्प शुल्क भरून, कारण न सांगता, आपल्या पंचायतीने किंवा जिल्हा कार्यालयाने पैसा कोठे खर्च केला हे लेखी विचारू शकतो आणि उत्तर अपुरे वाटल्यास अपील करू शकतो. व्हाइसरॉयच्या मंडळात बसणाऱ्या गोखले यांना १९०९ पर्यंत साधा उपप्रश्नही विचारता येत नव्हता. मिळालेले उत्तर नीट वाचण्याचे, ते मूळ कागदाशी ताडून पाहण्याचे आणि पुराव्यानिशी पुढचा प्रश्न विचारण्याचे काम मात्र आजही विचारणाऱ्यालाच करावे लागते.